राम राम म्हणून बटण सोडायचे

परतीचा पाऊस आला की सोयाबीनच्या गंजींवर ताडपत्र्या चढतात. लातूरहून नांदेडकडे निघालेल्या माणसाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळे-काळे उंचवटे दिसू लागतात आणि त्यांच्या कडांवर ठेवलेले दगड. भिजलेल्या सोयाबीनला आंबूस, जड वास असतो. तो बसच्या खिडकीतून आत येतो आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. मळणीयंत्रे जागच्या जागी उभी राहतात. दुपारी ऊन चटका देते, मग एका कडेने आभाळ काळे होत येते आणि माझ्या टेबलावरच्या रेडिओ सेटमधली खरखर वाढते. पाऊस अजून पोहोचलेला नसतो. वीज कुठेतरी निलंग्याच्या बाजूला पडलेली असते. सेटला ते आधी कळते.

यंदाही खरखर वाढली आहे आणि यंदाही बोरगावकर सरांनी फोन करून तोच प्रश्न विचारला आहे. "मग, आता तरी ते नवीन यंत्र लावायचं का?"

उत्तर ठरलेले आहे. ते अशाच एका पावसाळ्याच्या शेवटी ठरले. कसे ठरले, एवढेच इथे नोंदवायचे आहे.

हौशी रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलणे. त्यात नफा नाही, बातमीही सहसा नाही. नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे मिळून आम्ही एका जीपमध्ये मावू इतकेच होतो. मी लातूरला एका दैनिकाच्या डेस्कवर काम करत होतो, आजही करतो. बोरगावकर सर अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले. आमच्या रेडिओ मंडळाचे अध्यक्ष तेच. औशाला महालिंगअप्पांचे गाड्यांच्या बॅटऱ्यांचे दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोटांवर आम्लाचे डाग. आणि देगलूर-बिलोलीच्या मधल्या एका गावात कमलताई.

कमलताईंची घरची शेती. नांदेडला विज्ञान शिकताना त्यांनी परवान्याची परीक्षा दिली होती. लग्नात रुखवतावर त्यांनी सेट मांडला होता, असे त्या सांगतात. सासरच्या मंडळींनी विचारले, "ह्यो टेपरेकॉर्डर कुठल्या कंपनीचा?" त्या म्हणाल्या, "ह्यात गाणं येत न्हाई, मानसं येतात." तोच सेट अजून त्यांच्याकडे होता. गच्चीवर बांबू, बांबूला घरी वाकवलेला अँटेना, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा तो सेट. त्यांचे गाव एका ओढ्यापलीकडे आहे. परतीच्या पावसात ओढा भरला की गावाचे बेट होते. वीज जाते, आणि वीज गेल्यावर थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही बंद पडतो. त्या वेळी त्या गावाच्या आणि पलीकडच्या वस्त्यांच्या हाताशी बाहेर बोलायचे एकच साधन उरे. ते रुखवतातले होते.

पण तो सेट औशापर्यंत पोहोचत नव्हता. त्यासाठी रिपीटर हवा होता. रिपीटर म्हणजे उंचावर ठेवलेले यंत्र: खालून आलेला क्षीण आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी जोराने पुन्हा चहूकडे फेकायचा. अहमदपूर आणि मुखेडच्या मधल्या डोंगरपट्ट्यात अप्पांच्या सोयऱ्यांचा माळ आहे. तिथे उभे राहिले की एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला लातूर. जागा मिळाली, परवानगीचे कागद मार्गी लागले. यंत्र कोणते आणि त्यात काय काय असावे, हे ठरायचे होते.

आमच्यापुढे प्रश्न एकच होता, जरी तो त्या दिवशी सगळ्यांना तसा दिसला नाही. डोंगरावर जे यंत्र बसेल, त्याला कमलताईंचा जुना सेट ऐकू येईल की नाही.

बैठक औशाला, अप्पांच्या दुकानासमोरच्या फळीवर झाली. शेजारच्या बियाण्याच्या दुकानाचे शटर बंद होते. सरांनी खिशातून खडू काढला आणि त्या शटरवर लिहायला सुरुवात केली. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात होता. त्याने मंडळाला तयार, डिजिटल रिपीटर भेट म्हणून पाठवला होता. खोके अप्पांच्या दुकानात येऊन पडले होते. त्यावर त्याच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावायची, एवढीच अट. सर एकेक सोय लिहीत गेले. आवाज डिजिटल. इंटरनेटची जोडणी, त्याला वेगळी परवानगी लागेल पण ते पुढचे पुढे. प्रत्येक सेट नकाशावर दिसण्याची सोय. दर तासाला वेळ सांगणारा आवाज. इंग्रजीत स्वागत. नांदेडहून आलेल्यांनी हवामानाचा अंदाज घालायला सांगितला, तोही लिहिला गेला. शटर भरत आले.

कमलताई देगलूर, उदगीर, लातूर अशा गाड्या बदलत उशिरा पोहोचल्या. बाजाराच्या पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला सेट काढला, फळीवर ठेवला आणि शटर खालपासून वरपर्यंत वाचले.

"सर, ह्यातलं माझ्या सेटवर काय वाजंल?"

सर खरे बोलणारे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "काहीच नाही, ताई. डिजिटलला नवा सेट लागतो."

"म्हंजे यंत्र फुकट आन् ऐकायचं इकत."

"काळाप्रमाणं बदलायला पाहिजे. उद्या तुम्हाला औशाहून ऑस्ट्रेलियाशी बोलता येईल."

"औशाहून माझ्या गावाला बोलता यीना. ऑस्ट्रेलियात माझं कोन हाय?"

अप्पा गल्ल्यावरून म्हणाले, "माझा भाचा हाय."

"मग त्याला फोन लावा की अप्पा. त्याच्याकडं टॉवर बंद पडत न्हाई."

इतक्यात बियाण्याच्या दुकानाचा मालक आला. त्याने गर्दीकडे पाहिले, कुलूप काढले आणि एका झटक्यात शटर वर ढकलले. डिजिटल आवाज, नकाशा, इंग्रजी स्वागत आणि हवामानाचा अंदाज खडखडत गुंडाळले जाऊन वर गेले. सरांच्या हातात खडू राहिला.

"गेलं वर," कमलताई म्हणाल्या. "आता खालचं बोलू."

खालचे बोलणे संध्याकाळपर्यंत चालले. नकार देणे सोपे होते. नकार दिल्यावर काय हवे ते सांगणे अवघड होते. सर म्हणाले, ताकद तरी मोठी ठेवू. अप्पांनी विचारले, कशाला. यंत्राचा आवाज लांबवर गेला आणि लांबच्याचा आवाज यंत्राला ऐकूच आला नाही, तर तोंड मोठे आणि कान बारके असे ते होईल. ताकद कमी ठेवा, बॅटरी जास्त वेळ पुरेल, आणि कानावर खर्च करा. ते पटले. मग टोन. सुगीत मळणीयंत्रांच्या आणि मोटारींच्या ठिणग्यांनी हवा भरलेली असते. यंत्राने तिलाच माणूस समजून उघडू नये, म्हणून आवाजाच्या तळाशी एक ठराविक गुणगुण मिसळतात. ती असेल तरच यंत्र उघडते. कमलताईंच्या सेटमध्ये ही सोय नव्हती. तेव्हा टोन हवा असेल तर तो त्यांच्या सेटमध्ये आम्ही घालून द्यायचा, असे ठरले, आणि अप्पांनी नखाएवढी एक सर्किटची पाटी तिथेच फळीवर त्यांच्या सेटच्या पोटात डाग देऊन जोडली. राळ मिसळलेल्या कथलाचा धूर, आम्लाचा वास, बाहेर ओल्या मातीचा. अजूनही यांतला एखादा वास आला की मला बाकीचे दोन शोधावेसे वाटतात.

शेवटी राहिला टूं. बोलणाऱ्याने बटण सोडले की रिपीटर एक बारीक सूर काढतो आणि क्षणभर उघडा राहतो, पुढच्याने बोलावे म्हणून. सरांना तिथे एखादी धून हवी होती. बहुतेकांना काहीच नको होते. कंटाळून कुणीतरी म्हणाले, साधा टूं ठेवा. त्या दिवशी सगळ्यांत कमी चर्चा झाली ती या टूंवर.

या भागाला वस्तू दिल्या जातात. त्यामागे बहुधा चांगुलपणा असतो. भूकंपाच्या वेळी बाहेरून हौशी रेडिओवाले सेट घेऊन आले, असे जुने लोक सांगतात; काम संपल्यावर माणसांबरोबर सेटही गेले. टंचाईच्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आले. आलेली वस्तू चांगलीच असते, पण तिचे माप दुसरीकडे घेतलेले असते, आणि घेणाऱ्याने ती अंगाला होते का हे विचारले तर तो कृतघ्न ठरतो. औशाच्या फळीवर त्या दिवशी आम्ही कृतघ्न ठरायचे मान्य केले. विद्यार्थ्याला सरांनीच कळवले. त्याने सभ्यपणे उत्तर दिले की खोके परत पाठवण्याची गरज नाही, पुढे कधी उपयोगी पडेल.

यंत्र आम्हीच जोडले. दोन जुने सेट पाठीला पाठ लावून, पत्र्याच्या पेटीत. अप्पांनी ट्रकच्या बॅटऱ्या दिल्या. माळावर पेटी चढवताना सर सर्वांत पुढे होते, दुखऱ्या गुडघ्यासकट. नाराजी एका जागी आणि काम एका जागी ठेवणारी माणसे आता कमी भेटतात.

पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. उदगीरच्या बाजारात सर जीपमध्ये सेटवर बसले. मांडीखाली बटण दाबले गेले, आणि दोडक्याच्या भावावरून त्यांनी विक्रेत्याशी घातलेली हुज्जत दोन्ही जिल्ह्यांनी ऐकली. बटण सुटेपर्यंत कुणालाच बोलता येईना. सुटल्यावर कमलताईंचा आवाज आला. "सर, दोडका शेवटी घेतला का न्हाई? इथं सैपाक थांबलाय."

त्यावर उपाय म्हणून वेळमर्यादा बसवली. कुणी सलग बोलत राहिला तर मर्यादेनंतर यंत्र आपोआप गप्प होते आणि तो बटण सोडेपर्यंत गप्पच राहते. किती वेळाची मर्यादा, यावर आम्ही विचार केला नाही. एका मोठ्या शहरातल्या मंडळाची होती ती उचलली: एक मिनिट. शहरातल्या माणसाला एका मिनिटात पुष्कळ बोलून होते.

इथे डेस्कवरचा एक अनुभव सांगायला हवा. वर्तमानपत्रात पहिल्याच दिवशी शिकवतात की बातमी पहिल्या वाक्यात. काय घडले, कुठे, किती. बाकीचे नंतर, आणि जागा नसेल तर नाहीच. तालुक्याचे वार्ताहर मात्र फोन करतात तेव्हा तसे बोलत नाहीत. राम राम साहेब. जेवण झालं का. तिकडं पाऊस कसा हाय. पोरांच्या परीक्षा झाल्या का. मग थोडे थांबून, पूल ओलांडताना दोघे गेल्याची बातमी. बरीच वर्षे फोन घेतल्यावर माझ्या लक्षात आले की नमस्कार जितका लांबतो, तितकी बातमी जड असते. बाजारभाव सांगायचा असला तर माणूस राम रामसुद्धा अर्धाच म्हणतो.

त्या आश्विनात एका संध्याकाळी मी अप्पांच्या दुकानात बसलो होतो. औशाच्या आठवडी बाजाराची बातमी करून परतताना पावसात अडकलो होतो. रस्त्यावरून पाणी वाहत होते, किल्ल्याच्या बाजूचे आभाळ शाईसारखे झाले होते. गल्ल्याशेजारच्या सेटवर अचानक कमलताई आल्या. आमची बोलायची रोजची वेळ अजून झालेली नव्हती.

"राम राम मंडळी. अप्पा, शरणार्थ. कसं हाय सगळं? सुनबाईचं झालं का मोकळं? मुलगा का मुलगी, काय ते कळवलं बी न्हाई तुमी. सर लातुरातच हायत का नांदेडला गेले? त्यांच्या गुडघ्याला त्यो पाला बांधला का, मी पाठवलेला? इकडं सकाळपासून पाऊस लावूनच हाय. सोयाबीन झाकलं पन खालून पानी शिरलं, शेजारची गंगव्वा तिच्या तेलुगूत नीळ्ळू नीळ्ळू, पानी पानी करत बोंबलून राहिली. तिच्या आंगनात गुडघाभर हाय. लाईट गेलीया. बरं, मी काय म्हनते—"

आणि शांतता. मर्यादा संपली होती.

अप्पा वाट पाहत राहिले. यंत्र मिटले की पलीकडचा बोलत असला तरी ऐकू येत नाही, आणि बोलणाऱ्याला ते कळत नाही. बटण दाबलेले असते तोवर त्याचा स्वतःचा सेट बहिरा असतो. बऱ्याच वेळाने अप्पांनी हाका मारल्या. "ताई, तुटलं बगा तुमचं. परत सांगा. ताई, हाव का?" उत्तर नाही. त्यांनी बोलणे संपवून, बॅटरी वाचवायला सेट बंद केला असणार.

"सुनंचं इचारलं," अप्पा सेटकडे बघत म्हणाले, "आन् जबाब ऐकला न्हाई. ही बाई जबाब न ऐकता जाणारी न्हाई."

मी म्हणालो, "नमस्कार फार लांबला, अप्पा."

"म्हंजे?"

"म्हणजे काहीतरी वाईट आहे."

अप्पांनी माझ्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. त्या वेळेला बाहेरून त्यांच्या गावाकडे जाणारी गोष्ट एकच असते: देगलूरहून सुटणारी मुक्कामी गाडी. रात्री ती गावात थांबते आणि सकाळी गावाला घेऊन परतते. ती सुटायची वेळ जवळ आली होती. मधे ओढा होता.

अप्पांनी देगलूरच्या बसस्थानकाचा फोन मिळवला. मला फक्त अलीकडचे ऐकू यायला हवे होते, पण पलीकडचा आवाज मोठा होता.

"मुक्कामी गाडी थांबवा. ओढ्याकडं जाऊ देऊ नका."

"कोण बोलून राहिलं?"

"औशाहून बोलतो. महालिंग."

"औशात बसून तुमाला आमचा ओढा दिसतो का?"

"रेडिओवर कळलं."

"आकाशवाणीला सांगितलं?"

"न्हाई. आमचा रेडिओ हाय. गावातल्या ताई बोलल्या."

"मग काय म्हनल्या ताई?"

"काहीच न्हाई म्हनल्या. म्हनून तर थांबवा."

पलीकडे हसू ऐकू आले, मग कुणाशी तरी बोलणे. "गाडी भरलीय हो. लोक माझ्या नावानं बोंबलतील."

"बोंबलू द्या. सकाळी बोंबलायला तरी राहतील."

त्या माणसाने गाडी थांबवली. का थांबवली, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्यालाही ओढा माहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुन्हा औशाला गेलो. कमलताई दुपारी सेटवर आल्या. आवाज ताजातवाना. "राम राम. गाडी थांबवली ते लई बरं केलं अप्पा. पुलाच्या अलीकडचा भराव काल गेला बगा, आख्खाच. वरून पानी, खाली काय हाय दिसत न्हाई. मी सांगितलं आन् तुमी लगी हालले. यंत्र कामाचं हाय."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. खोटे बोलण्यात त्यांना गती नाही. "ताई," ते म्हणाले, "तुमचं सुनंचं, गुडघ्याचं आन् गंगव्वाचं ऐकलं. भरावाचं ऐकलंच न्हाई. त्याच्या आदीच तुटलं."



"मग गाडी कशी थांबली?"

"वळखलं."

आम्हाला दोघांनाही त्या ओळखण्याचा थोडा अभिमान वाटत होता. कमलताईंना तो ऐकूही आला नसावा.

"म्हंजे मी काल भिंतीशी बोलून राहिले होते," त्या म्हणाल्या. "भरी गाडीची गोष्ट, आन् मी भिंतीला सांगितली. आज तुमच्या डोक्यात आलं अप्पा. पुढच्या बारीला न्हाई आलं तर?"



त्या आठवड्यातली बैठक हवेतच झाली, सेटवर. सरांची भूमिका सरळ होती: चूक यंत्राची नाही, बोलण्याच्या पद्धतीची आहे. आधी संदेश, मग गरज असेल तर नमस्कार. जगभर असेच शिकवतात. डेस्कवर शिकलेल्या माणसाला यात खोट काढता येत नव्हती. मी सेटवर तसे म्हणालोही.

"तुमी दोघं शहाणे हाव," कमलताई म्हणाल्या. "पन मला सांगा, राम राम न म्हनता एकदम वाईट सांगू का मी? मी मानूस हाय का भोंगा? समोरचा उभा हाय, बसलाय, जेवतोय, मला काय म्हाईत? त्याला टेकू तर द्या आदी."

हे मी आधी कधी ऐकले नव्हते, आणि तरी बरीच वर्षे फोनवर ऐकत आलो होतो. वाईट गोष्ट उभ्या माणसाला सांगायची नाही. जेवण झालं का, हा प्रश्न जेवणाविषयी नसतोच. ऐकणाऱ्याच्या हातातले ताट खाली ठेवून घेण्याची ती रीत आहे. पहिल्या वाक्यात बातमी देणाऱ्याला वाचकाचा चेहरा बघावा लागत नाही. गावात बातमी सांगणाऱ्याला त्याच घरी पुढे रात्रभर बसायचे असते.

मर्यादा काढूनच टाकू, असे नांदेडकडून कुणीतरी म्हणाले. त्याला कमलताईंनीच विरोध केला. "न्हाई. सरांचा दोडका इसरले का? कुनाचं बटन दाबून राहिलं आन् तेव्हाच माझ्या गावात पानी आलं, तर मी कुठनं शिरू?" मग मर्यादा संपायच्या आधी घंटा वाजवावी, ही सूचना आली. अप्पा म्हणाले, वाजवा, पण ऐकणार कोण. बोलणारा तर त्या वेळी बहिरा असतो.

एवढे बोलून त्यांनी बटण सोडले. प्रत्येकाच्या बोलण्यानंतर वाजतो तसा टूं वाजला, आणि बहुधा सगळ्यांना तो त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आला.

"ह्यो वाजला की," कमलताई म्हणाल्या.

रीत ठरली ती अशी. राम राम म्हणायचे आणि बटण सोडायचे. टूं वाजला तर आपण पोहोचलो, यंत्र जागे आहे, आणि मर्यादाही पहिल्यापासून पुन्हा मोजली जाते. सुनेचे विचारायचे आणि बटण सोडायचे. टूं वाजला की पुढे. मोठी गोष्ट सांगायची असेल तर घासाघासाने सांगायची आणि प्रत्येक घासाला टूं ऐकायचा. मर्यादेने मिटलेले यंत्र टूं काढत नाही; तो न वाजला तर आपण भिंतीशी बोलतोय असे समजून पुन्हा पहिल्यापासून. नमस्कार काढला नाही. उलट पहिल्या नमस्कारालाच चाचणीच्या कामाला लावले. मर्यादा थोडी वाढवली, कारण एका मिनिटात इथल्या माणसाची विचारपूसही संपत नाही, आणि ती संपवायची घाई त्याला यंत्राने करू नये.

पुढच्या वर्षी पश्चिम महाराष्ट्रातले एक रेडिओवाले नांदेडला नातलगांकडे आले होते. त्यांनी संध्याकाळभर ऐकले आणि जाताना सेटवरच सल्ला दिला की तुमच्याकडे चॅनेलवर राम राम फार चालतं, त्यानं शिस्त बिघडते.

"हाव," अप्पा म्हणाले. "ती आमची टेस्टिंग हाय."

त्यानंतर पुष्कळ पावसाळे परतले. माळावरची पेटी एकदा विजेने जळाली, एकदा मुंग्यांनी भरली. बॅटऱ्या बदलल्या. ओढ्यावर नवा पूल झाला, तो आधीच्यापेक्षा उंच आहे. पाणीही आधीपेक्षा उंच येते. कमलताईंच्या सेटची मूठ तुटली, तिथे कळकाचा तुकडा बांधला आहे. डिजिटल यंत्राचे खोके अप्पांच्या दुकानातच आहे. त्यावर डिस्टिल्ड वॉटरचे कॅन ठेवलेले असतात. पितळी पाटी आत कागदात गुंडाळलेली असावी. ते यंत्र वाईट नाही, आम्ही कधी तसे म्हटले नाही. इथे आणखी काय हवे, हे बाहेरून दरवर्षी कुणीतरी सांगते: ॲप, उपग्रह, नकाशा. मोबाईलच्या काळात हे कशाला, असेही विचारतात. विचारणाऱ्याच्या गावातला टॉवर त्या वेळी चालू असतो.

सरांना मी फोनवर दरवर्षीचा प्रश्न उलट विचारला.

"सर, कमलताईंच्या सेटवर वाजेल का?"

ते हसले. "नाही वाजणार."

"मग नको."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. गुडघ्याचे विचारले तर म्हणाले, पाला बांधतो.

संध्याकाळी निलंग्याकडून आभाळ भरून आले. गल्लीत कुणीतरी ताडपत्री ओढत होते, तिच्या कडेचे दगड घरंगळल्याचा आवाज आला. लातूरचे दिवे गेले. मी सेट बॅटरीवर चालू केला. आमची बोलायची वेळ झाली नव्हती, तरी सर हवेत होते. त्यांना काहीतरी सांगायचे होते, हे आवाजावरून पहिल्याच शब्दाला कळले.

"राम राम," ते म्हणाले, आणि बटण सोडले.

टूं वाजला. मग तो उघडा क्षण आला, ज्यात कुणीही शिरू शकते. ओढ्यापलीकडून खरखरीवर बसलेला जुना आवाज आला.

"राम राम सर. ऐकून राहिले. बोला."